कॉलेज बघायला आलेली माणसं

दोहातल्या एका विद्यापीठात शिकत असताना दोन वर्षं मी दर शनिवारी कॅम्पस दाखवण्याचं काम केलं. प्रवेश घ्यायचा की नाही हे ठरवायला कुटुंबं यायची आणि मी त्यांना तासभर फिरवून आणायचे. हे काम उलटं चालत करायचं असतं. समोर आई, वडील आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ती मुलगी किंवा मुलगा. त्यांच्याकडे तोंड करून, मागे न बघता, आपण पावलं टाकत जायचं आणि बोलत राहायचं. पहिल्या महिन्यात मी दोनदा कुंडीवर आदळले. मग पावलांना रस्ता पाठ झाला. कुठे उतार आहे, कुठे पायऱ्या लागतात, कुठे कारंज्याचं पाणी उडून फरशी ओली असते, हे टाचांनाच कळू लागलं.

मी बोलकी मुलगी नव्हे. वर्गात हात वर करण्याआधी मी वाक्य मनात तीनदा म्हणून बघते आणि तोवर दुसरं कुणीतरी बोलून गेलेलं असतं. त्यामुळे मी हे काम घेतलंय हे ऐकून आई फोनवर हसली होती. पण लाजऱ्या माणसाला पाठ केलेलं बोलणं सोपं जातं. प्रवेश विभागातल्या बाईंनी आम्हाला चार पानं दिली होती. प्रत्येक इमारतीपुढे काय सांगायचं ते त्यात होतं आणि शेवटी पालक हमखास विचारतात ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं. जेवण कसं असतं. मुलींचं हॉस्टेल वेगळं आहे का. मुलांना एकटं वाटतं का. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर असं होतं की आम्ही इथे एका मोठ्या कुटुंबासारखे राहतो. इंग्रजीत ते वाक्य छान गुळगुळीत होतं. मी ते कितीदा म्हटलं असेन कोण जाणे, पण एकदाही अडखळले नाही.

उलटं चालताना माणसांचे चेहरे सतत दिसतात. ती इमारतींकडे बघत असतात आणि आपण त्यांच्याकडे. कुवेतहून आलेली कुटुंबं विमानतळावरून थेट यायची. त्यांच्या चाकांच्या बॅगा रिसेप्शनमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेल्या असायच्या आणि आई दर दहा मिनिटांनी त्या दिशेला मान वळवायची. मुंबईहून अमेरिकेला कॉलेजं बघायला निघालेले काही जण वाटेत दोहात एक दिवस थांबायचे. जाता जाता हेही बघून घेऊ, असं. ते लोक चांगल्या बुटांत असायचे आणि त्यांना झोप आलेली असायची. दोहाजवळच्याच उम्म सलाल मोहम्मदहून एक कुटुंब आलं होतं ते सगळ्याच मुलांना घेऊन. धाकटी दोन कारंज्यापाशीच राहिली, त्यांनी पुढे काही बघितलं नाही.

खर्च कुठे करायचा आणि कुठे नाही, याचे प्रत्येक घराचे नियम दिसायचे. तिकिटाला, हॉटेलला, नव्या कपड्यांना हात मोकळा असायचा. कॅम्पसवरच्या कॅफेत मात्र चौघांत एक कॉफी. खरं जेवण पार्किंगमध्ये, गाडीची डिकी उघडून, फॉइलमध्ये गुंडाळलेल्या पोळ्यांचं. आमच्याकडे एक छोटं दुकान होतं, विद्यापीठाच्या चिन्हाचे मग आणि हुडी विकणारं. काही वडील प्रवेशाचा पत्ता नसताना हुडी घेऊन टाकायचे. काही जण कापड दोन बोटांत धरून बघायचे, किमतीचा कागद उलटायचे आणि बाहेर येऊन म्हणायचे, उन्हाळ्यात कोण घालणार हे.

मला हे सगळं ओळखीचं होतं, कारण आम्हीही एकदा असे फिरलो होतो. बारावीच्या वर्षी. तेव्हा आम्ही दोहातल्याच अल हिलालमध्ये राहायचो. बाबांना कंपनीकडून वर्षातून एकदा सगळ्यांची तिकिटं मिळायची आणि ती सुट्टी लग्नं, डोळ्यांचे नंबर आणि दात यांत संपायची. त्या वर्षी ती कॉलेजांत संपली. ड्रायव्हरसकट गाडी ठरवली आणि नऊ दिवस पुणे, नाशिक आणि मधलं बरंच काही पालथं घातलं. प्रत्येक ठिकाणी आई आधी बाथरूम बघून यायची. बाबा नोटीस बोर्डापुढे उभे राहून सगळे कागद वाचायचे, अगदी हरवलेल्या छत्रीची सूचनासुद्धा. मी पायऱ्यांवर बसलेल्या मुलींकडे बघायचे. त्या इतक्या भराभर बोलत होत्या की माझं वाक्य तीनदा मनात म्हणून होईपर्यंत त्यांची तीन वर्षं संपली असती. त्या पायऱ्यांवर आपण नेमकं कुठे बसू, हे मला काही केल्या दिसेना. परत आल्यावर मी सांगितलं, मी इथेच शिकते. घरून जाईन-येईन.

पहिलं वर्ष तसंच गेलं. मग बाबांची नोकरी संपली. त्यांचा आणि आईचा व्हिसा कॅन्सल झाला, ते पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले आणि मी चार बॅगा घेऊन अल हिलालमधून हॉस्टेलमध्ये आले. आमच्या जुन्या बिल्डिंगवरून कधीकधी बस जाते. आता तिथे निळे पडदे आहेत.

आमच्या घरात मराठी होतं, पण माझं अर्धंच. आई मराठीत विचारायची, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. दाराबाहेर त्या मराठीचं काम बदलायचं. कतारमध्ये हिंदी सगळ्यांनाच येते. पाकिस्तानी टॅक्सीवाल्याला येते, नेपाळी वॉचमनला येते, बाजारातल्या जुन्या अरब दुकानदारालाही कामापुरती येते. मल्याळमची तर गोष्टच सोडा. मराठी मात्र कुणाला येत नाही. त्यामुळे इथली मराठी माणसं जे कानात कुजबुजायचं ते मोठ्याने बोलतात. आई दुकानदाराकडे बघून गोड हसायची आणि त्याच्यासमोर मला सांगायची, "फार सांगतोय हा. आवडलंय असं तोंड करू नकोस. चल, निघाल्यासारखं कर." आम्ही निघाल्यासारखं करायचो आणि तो मागून हाक मारायचा.

कॅम्पस बघायला येणारी मराठी कुटुंबंही माझ्यासमोर तसंच बोलायची. माझं नाव असं आहे की ते केरळात चालतं, गुजरातमध्ये चालतं, लेबनॉनमध्येही चालतं आणि छातीवरच्या बिल्ल्यावर आडनाव नसतं. माझी इंग्रजीही कुठलीच नाही, इथल्या शाळांतली असते तशी. सुरुवातीला मी सांगून टाकायचे की मी मराठी आहे. मग आडनाव काय, मूळ गाव कोणतं, वडील कोणत्या कंपनीत, असं सुरू व्हायचं आणि ज्या मुलीसाठी सगळे आलेले असत ती बाजूला फोन बघत उभी राहायची. म्हणून मी सांगणं बंद केलं.

हे एक कारण. दुसरं कारण मी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्याशी बोललेलं मराठी मला फोनवर मिळतं. जेवलीस का, खोकला गेला का, एसी फार लावू नकोस. पण माझ्यासमोर चाललेलं आणि माझ्याशी नसलेलं मराठी, किल्ली कुठे ठेवलीत, तुमच्या बहिणीला फोन केलात का, यावरून चाललेली आई-बाबांची कटकट, ती मला कुठेच मिळत नव्हती. ती या लोकांकडे मिळायची. मी उलटी चालत इंग्रजीत ग्रंथालयाची माहिती द्यायचे आणि कान त्या बोलण्याकडे लावून ठेवायचे.

ज्या कुटुंबाची ही गोष्ट आहे ते फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आलं. दोहाजवळच्या कारखान्यांच्या गावातून, मेसईदहून. वडील तिथल्या खताच्या कारखान्यात इंजिनिअर होते, राहायला कंपनीच्याच वसाहतीत. हे त्यांनी हात मिळवतानाच इंग्रजीत सांगितलं. शर्ट नवा होता, घडीच्या रेषा अजून मोडल्या नव्हत्या. आईच्या पायात उंच टाचांचे सँडल होते, ते तिला सवयीचे नव्हते. मुलगी बारावीतली, घट्ट वेणी घातलेली. वेळ दहाची होती. मी नऊला आले तेव्हा ते तिघं पार्किंगमध्ये गाडीत काचा वर करून बसलेले मी पाहिले होते.

त्यांचं काय चाललंय हे पहिल्या दहा मिनिटांत कळलं. मुलीला प्रवेश मिळाल्याचं पत्र आलेलं होतं, उत्तर द्यायचं राहिलं होतं. वडिलांचं कंत्राट जूनमध्ये संपत होतं आणि आई-वडील नाशिकला कायमचे परत चालले होते. मुलीला इथे राहायचं होतं, हॉस्टेलमध्ये, एकटीने. आईला ते नको होतं. वडील हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. म्हणजे माझीच गोष्ट, फक्त दोन वर्षं मागची.

"नीट बघायचं कबूल केलंय तुम्ही," मुलगी इंग्रजीत आईला म्हणाली.

"बघतेय ना," आई मराठीत म्हणाली. "डोळे उघडेच आहेत माझे."

मी प्रयोगशाळांबद्दल सांगत होते. आई माझ्याकडे बघून मान हलवत होती आणि नवऱ्याला सांगत होती, "अहो, ही लेबनानी असावी. नाक बघा."

"मल्याळी आहे," वडील म्हणाले. "मल्याळी मुलीच असं न थांबता बोलतात."

"कोणी का असेना. केवढी सुकलीय. केसांना तेल दिसत नाही महिन्याभराचं." मग जराशाने, मी जेवणाबद्दलचं वाक्य हसत हसत सांगत असताना, "आणि हसते ती नुसती दातांनी."

मी पुढच्या इमारतीकडे वळले. म्हणजे मागे वळले. वाटेत एक उतार आहे, तो टाचांनी बरोबर ओळखला. मला राग आला नव्हता. आपली आई दुसऱ्या कुणाच्या मुलीबद्दल जे बोलली असती तेच ती बोलत होती आणि त्या सुरात बोललेलं काहीही मी तेव्हा ऐकून घेतलं असतं.

मुलगी सगळं लक्ष देऊन बघत होती. प्रश्न विचारत होती ते मुलं विचारतात तसे नव्हते. हॉस्टेलमधून शेवटची बस किती वाजता. सुट्टीत मेस बंद असते का. ईदच्या आठवड्यात कोण कोण राहतं. कुणीतरी आधीच मनाने इथे राहायला सुरुवात केली की असे प्रश्न सुचतात. मी चार पानांतली उत्तरं देत होते. ईदच्या आठवड्याबद्दल त्या पानांत काही नव्हतं. मी म्हटलं, बरेच जण राहतात. मागच्या ईदला आमच्या मजल्यावर मी आणि एक सुदानी मुलगी, अशा दोघी होतो.

मग ग्रंथालय आलं. त्याची पुढची बाजू संपूर्ण काचेची आहे आणि तिच्यापुढे एक वाक्य म्हणायचं असतं, की इथे कुणालाही कोंडल्यासारखं वाटू नये म्हणून ही भिंत अशी केली आहे. मी ते म्हटलं. तिघं मान वर करून बघत राहिले.

"या काचा पुसणाऱ्याचा पगार आपल्या फीमधून," वडील म्हणाले.

"तुम्ही घरातली एक खिडकी पुसून दाखवा आधी," आई तशीच वर बघत म्हणाली. "ती फुकट आहे."

मी हसले. मला वेळच मिळाला नाही. आवाज करून, मान खाली घालून हसले, बाबांना आई असं काही म्हणाली की आम्ही हसायचो तशी.

आधी मुलीच्या लक्षात आलं. ती थांबली आणि इंग्रजीत म्हणाली, "तुला कळलं ते."

मी अजून हसू आवरत होते. तेवढं पुरेसं होतं. आईचा हात तोंडावर गेला. ती बहुधा मनातल्या मनात मागे जात होती, आपण काय काय बोललो, नाक, तेल, दात. वडिलांनी उगाचच शर्टाची कॉलर नीट केली.

"मराठी आहेस होय," ते म्हणाले. "सांगायचं नाही का गं."

मी सॉरी म्हटलं. कशाबद्दल ते मलाही माहीत नव्हतं. आडनाव, गाव असं काही येईल म्हणून मी तयारीत होते, पण त्यांनी विचारलं नाही. ते फार शरमले होते. पुढची पंधरा मिनिटं तिघं एक शब्द न बोलता माझ्या मागून, म्हणजे माझ्या समोरून, चालत राहिले. त्यांची बोलायची भाषाच मी घेतली होती. व्यायामशाळा, सभागृह, दुकान. दुकानात वडिलांनी हुडीला हात लावला नाही.

शेवटी हॉस्टेल. तिथे बाहेर एक दगडी बाक आहे, लिंबाच्या झाडाखाली. आई त्यावर बसली आणि तिने एका पायातला सँडल काढला. टाच सोलली होती. माझ्याकडे पर्समध्ये बँडेजची पट्टी होती, ती मी दिली. तिने ती लावली नाही, हातात धरून ठेवली.

"इकडे ये जरा," ती म्हणाली. मी जवळ गेले. "मगाचं काही मनावर घेऊ नकोस. आमची जीभ सैल."

मी म्हटलं, नाही घेतलं. तेही इंग्रजीतच म्हटलं.

मग तिने विचारलं, "करमतं का गं तुला इथे?"

मुलांना एकटं वाटतं का, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. पण तिने तो प्रश्न विचारला नव्हता. करमतं का, याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला अजून सापडलेलं नाही. त्यात मैत्रिणी किती, सोयी काय, असलं काही येत नाही. दुपारी चार वाजता खोलीत बसलं असताना तिथे बसावंसं वाटतं की नाही, एवढंच त्यात येतं. आणि मला मराठीत खोटं बोलायची सवय नव्हती. मराठीत मी मुळात उत्तरच कधी दिलं नव्हतं.

मुलगी आईच्या मागे उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. एक शब्द बोल, बाकी मी बघून घेते, असं. मला तो शब्द माहीत होता. हो म्हटलं असतं तर ती इथे आली असती. आणि मग पुढच्या ईदला आमच्या मजल्यावर आम्ही तिघी झालो असतो, हेही माझ्या मनात येऊन गेलं. तेच मला नको वाटलं, की मी माझ्यासाठी हो म्हणेन.

"नाही करमत," मी म्हणाले.

आईने मान हलवली, जणू मी टाचेवरच्या फोडाबद्दल सांगितलं होतं. वडील दोन पावलं जवळ आले.

"मग राहतेस का?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता तो, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी वाक्य मनात म्हणून बघायला लागले, पण ते सगळे थांबलेले होते. म्हणून मी तसंच सांगितलं. सुट्टीत मी पुण्याला जाते. तिथे आई-बाबा आहेत, माझी खोली आहे, तिला आई पाहुण्यांची खोली म्हणते. तिथेही नाही करमत. मी इथेच वाढले.

मुलीने वळून पार्किंगच्या दिशेने चालायला सुरुवात केली. मला वाटलं होतं की हे दुसरं उत्तर तिच्या बाजूचं आहे आणि ती ते ऐकेल. तिने पहिलंच ऐकलं होतं. निघताना आईने माझा नंबर मागितला. पाहुण्यांना नंबर द्यायचा नाही असा आमचा नियम होता. मी दिला.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. मुलीला नाशिकला घेऊन चाललोत, तिथे एका कॉलेजात चौकशी केली आहे, तिच्या मावशीचं घर जवळ आहे. हे सगळं तिने एका दमात सांगितलं. मग म्हणाली, "शुक्रवारी जेवायला ये. आम्ही सामान आवरायच्या आत ये. घरचं खाऊन किती दिवस झालेत तुला?"

मी जायला नको होतं. पण त्या शेवटच्या वाक्याला मला नाही म्हणता आलं नाही.

मेसईदची बस पकडून गेले. स्टॉपवर वडील घ्यायला आले होते. वसाहतीत एकसारखी बुटकी घरं होती आणि त्यांच्या मागे कारखान्याच्या धुराड्याची ज्योत भर दुपारी जळत होती. घरात हॉलमध्ये खोकी आली होती, पण अजून उघडी, रिकामी. आईने भरली वांगी केली होती आणि भाकरी, आणि मला ताटावर बसवून ती समोर उभी राहून वाढत होती. तिने मला केसांना लावायला तेलाची बाटलीही देऊन ठेवली, पिशवीत घालून.

मुलगी बोलावल्यावर आली. माझ्या समोरच्या खुर्चीवर बसली, जेवली. आई-वडिलांशी ती पूर्वीसारखीच बोलत होती, ते मराठीत, ती इंग्रजीत. भांडण झाल्यासारखं त्या घरात काही नव्हतं. वडिलांनी तिच्या ताटातलं वांगं उचललं आणि तिने त्यांच्या हातावर चापट मारली. माझ्याकडे मात्र तिने बघितलं नाही. आई आत ताक आणायला गेली आणि वडील हात धुवायला उठले तेव्हा ती हळू आवाजात, इंग्रजीत म्हणाली, "तू तर राहतेच आहेस."

मी म्हटलं, हो.

"तू राहावंस की नाही, हे कुणी दुसऱ्याच मुलीला विचारून ठरवलं नाही."

मी तिला सांगितलं असतं की विचारायला हवं होतं कुणीतरी. पण ते वाक्य मनात दुसऱ्यांदा म्हणत असतानाच आई ताक घेऊन आली.

परत जायला मी बसने जाते म्हटलं. वडील ऐकेनात. "बसने कसली जातेस, मी आहे ना." संध्याकाळ होत आली होती. दोन्ही बाजूंना वाळू आणि विजेचे मनोरे, रेडिओ बंद. दोहाच्या इमारती दिसू लागल्यावर ते बोलायला लागले, समोर बघत.

"एक सांगतो. तुला कळायला हवं. आम्ही त्या दिवशी ठरवूनच आलो होतो. नाशिकचंच. ती म्हणत होती, एकदा बघा तरी, म्हणून बघायला आलो. आता येऊन बघून गेलो म्हटल्यावर नाही म्हणायला कारण लागतं. ते आम्हाला सापडत नव्हतं. कॉलेज तर चांगलंच आहे."

मी पुढच्या गाडीच्या दिव्यांकडे बघत होते.

"तू बोललीस आणि काम झालं," ते म्हणाले. "हिने घरी जाऊन तेच सांगितलं तिला. बघ, ती मुलगीच सांगतेय. आता ती तुझ्यावर चिडलीय. चिडू दे. आमच्यावर चिडली असती तर जन्मभर लक्षात ठेवलं असतं तिने. आम्हाला तिच्याबरोबर राहायचंय. तू काय, परकी."

ते हे मायेनेच बोलत होते. परकी हा शब्द त्यांनी जरा हलकेच उच्चारला आणि मान वळवून माझ्याकडे बघून हसले, म्हणजे तुला समजतंय ना, अशा अर्थी. मला समजत होतं. त्या बाकापाशी मी एवढा विचार करून जे उत्तर दिलं होतं त्यावर कुणाचंच काही अवलंबून नव्हतं. मी हो म्हटलं असतं तरी ती नाशिकलाच गेली असती. फक्त तेव्हा ती माझ्याशी बोलली असती आणि आई-वडिलांशी नाही.

"हो काका," मी म्हणाले.

हॉस्टेलच्या फाटकापाशी त्यांनी गाडी थांबवली. मागच्या सीटवरची तेलाच्या बाटलीची पिशवी आठवणीने काढून दिली. काही लागलं तर फोन कर, असंही म्हणाले. जूनपर्यंत आहोत. मी उतरले आणि जरा वेळ फाटकाबाहेर, लिंबाच्या झाडाखाली, थांबावं असं मला वाटलं. पण ते गाडी सुरू ठेवून, दिवे लावून बघत होते. मुली आत जाईपर्यंत वडील माणसं निघत नाहीत. त्यांना निघता यावं म्हणून मी कार्ड लावलं आणि आत गेले.